चार नंबरची भिकुबाई

आई-वडिलांनी नाव ठेवलं पंडित आणि शिक्षण झालं आयटीआयचं, वायरमन ट्रेडचं. त्यामुळे धुळ्याबाहेरच्या त्या इंजिनियरिंग कॉलेजात पीएचडीवाल्या सरांना 'पंडित, जरा इकडे या' अशी हाक मारताना उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. मग सगळ्यांनी मिळून त्यांना 'भाऊ' करून टाकलं. पंडित भाऊ देवरे, प्रयोगशाळा सहाय्यक, वय सत्तावन्न, राहणार देवपूर. हातात कायम एक टेस्टर. कुणाशी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि त्याच्या मागच्या स्विचबोर्डाकडे जास्त पाहायचे.

त्यांच्या ताब्यातली प्रयोगशाळा ज्योत्स्ना मॅडमची. मॅडम यावलकडच्या, केळीवाल्या घरातल्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा कंट्रोल इंजिनियरिंग हा विषय फक्त फळ्यावर राहायचा. सर चौकोन काढणार, चौकोनातून एक बाण काढणार, तो वळवून परत पहिल्या चौकोनात घुसवणार आणि सांगणार, हा फीडबॅक. पोरं तो बाण वहीत उतरवून घेणार आणि परीक्षेत उलटा काढणार. मॅडमना हे बघवेना. त्यांनी वडिलांच्या शेतातून पीव्हीसी पाइपांचे तुकडे आणले, भाऊंनी ते उभे चिरून पाती कापली, भंगारातल्या प्रिंटरच्या मोटारी जोडल्या आणि टेबलावर मावतील अशा सहा पवनचक्क्या उभ्या केल्या. प्रत्येकीला जाळी, पात्यांचा कोन फिरवणारी एक चिमुकली मोटार, फेऱ्या मोजणारा एक डोळा, आणि हे सगळं पाहून हुकूम सोडणारा कंट्रोलर. काम एकच. समोरून वारा कसाही येवो, चक्कीने मिनिटाला सहाशे फेऱ्या धरून ठेवायच्या.

वाऱ्यासाठी मोठा ब्लोअरही आला होता. पहिल्याच मे महिन्यात तो 'दोन दिवसांपुरता' प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली आणि ते दोन दिवस काही संपले नाहीत. तेव्हापासून प्रयोगशाळेत वारा येतो तो कूलरमधून, पाणी न भरलेल्या, खडखडणाऱ्या पत्र्याच्या कूलरमधून. मॅडम म्हणतात, झालं ते बरंच झालं. ब्लोअरचा वारा सरळमार्गी होता. कूलर मध्येच दम खातो, मध्येच अंगावर येतो, आणि खरा वारा तसाच असतो.

आता कंट्रोलरच्या पोटात तीन अक्षरं असतात, पी, आय आणि डी. मॅडम ती गणितातून शिकवतात. पोरं मान हलवतात, तास संपला की भाऊंच्या स्टुलाभोवती गोळा होतात आणि म्हणतात, भाऊ, आता मराठीत सांगा. भाऊ अहिराणीत सांगतात.

"पी म्हनजे आजनी चूक दखीसन आज बोलनारा. डी म्हनजे चूक व्हवाना पहिलेच 'पडशी रे तू' म्हननारा. आनि आय म्हनजे मन्ही अक्का."

मग अक्काची गोष्ट निघते. ती दरवर्षी निघते, आणि भाऊ ती दरवर्षी तितक्याच चवीने सांगतात.

अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण भिकुबाई. वयाने अकरा वर्षांनी मोठी, जळगावला मेहरूणमध्ये मुलाकडे राहते. अकरा वर्षांपूर्वी भाऊंनी देवपुरात घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला अक्का आली. निघताना सुनंदाबाईने, म्हणजे भाऊंच्या बायकोने, तिला कुंकू लावून साडी दिली. आता खानदेशातल्या कुठल्याही घरात कपाटाच्या वरच्या खणात एक गठ्ठा असतो, देण्याघेण्याच्या साड्यांचा. त्या साड्या कुणी नेसत नाही. त्या फक्त फिरतात, या कपाटातून त्या कपाटात. सुनंदाबाईने घाईत वरची एक ओढली. मोरपंखी रंगाची. अक्काने घरी जाऊन घडी उलगडली, तर ब्लाउजपीसच्या आत हिरव्या टिकल्यांचं पाकीट. ते पाकीट तीन वर्षांपूर्वी खुद्द अक्कानेच तिथे ठेवलं होतं, भावजयीला साडी देताना, तिला नेसायच्या वेळी गंमत वाटावी म्हणून.

"समजनं का?" भाऊ पोरांना विचारतात. "जे दिधं ते फिरीसन परत उनं. हाऊ तुमना फीडबॅक."

पोरं हसून लोळतात. पण अक्काला हसू आलं नव्हतं. आपलीच साडी आपल्याला परत आली, हे ती एक वेळ विसरली असती. भावजयीने तीन वर्षांत घडीसुद्धा मोडली नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ती रुसली, आणि ती नुसती रुसली नाही, तर साठवत बसली. दिवाळी आली, भाऊबीज गेली, राखीचा धागा आला नाही. भाऊ मेहरूणला जायचे, तर ती आतून स्वतःच्याच आवाजात सांगायची, "घरमा कोनी नही शे."

या गोष्टीचा अभ्यासक्रमाशी संबंध असा. कंट्रोल इंजिनियरिंगमध्ये एक दुखणं आहे, त्याला वाइंडअप म्हणतात. घड्याळाला चावी देत राहतात ना, त्यातलं वाइंड. पण इंग्रजांनी त्याचं आणि वाऱ्याचं स्पेलिंग एकच ठेवलं, आणि आमच्या पोरांपुढे तर पवनचक्कीच. त्यामुळे दरवर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत उत्तर यायचं की विंडअप म्हणजे वारा खालून वर जाणे. एका बहाद्दराने वर जाणाऱ्या वाऱ्याची आकृतीही काढली होती, ढगांसकट. मॅडमनी त्या दिवशी कपाळाला हात लावला आणि भाऊंना म्हणाल्या, "भाऊ, हे तुम्हीच सांगा."

भाऊंनी चार नंबरच्या चक्कीवर ते करून दाखवलं. कूलरपुढे पुठ्ठा धरला की वारा बंद, चक्की थांबते. कंट्रोलर बिचारा पाती पूर्ण उघडतो. याहून जास्त उघडायला जागाच नसते. पण 'आय' काही गप्प बसत नाही. तो मोजत राहतो, अजून कमी, अजून कमी. पडद्यावर एक लाल पट्टी चढत जाते. पुठ्ठा काढला, वारा आला, की चक्की सहाशेवर थांबेल म्हणता? छे. आधीचं साठलेलं सगळं फिटेपर्यंत पाती मिटायला तयार नसतात. चक्की हजार, अकराशे, किंचाळत सुटते. वारा आता चांगला आहे, हे तिच्या डोक्यात शिरतच नाही. भाऊंनी पांढरी चिकटपट्टी घेतली, चार नंबरवर लावली आणि मार्करने लिहिलं, भिकुबाई. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत कुणाचं उत्तर चुकलं नाही.

हे सगळं मजेत चाललं होतं. पण या वर्षी भाऊंचं स्वतःचं घोडं अडलं.

दिपमालाचं लग्न ठरलं. भाऊंची एकुलती लेक, नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात. वैशाखातली तारीख. देवरेंच्या घरात पहिली हळद फुई, म्हणजे आत्या, लावते. आणि दिपमाला तर लहानपणी, सुनंदाबाई आजारी होती तेव्हा, दीड वर्ष फुईच्याच मांडीवर वाढलेली. तिने वडिलांना सरळ सांगून टाकलं, "बाबा, फुई नही त हळद नही." बोलली ती शांतपणे, पण पोरगी कुणाची भाची आहे हे भाऊंना माहीत होतं. 

ते पत्रिका घेऊन मेहरूणला गेले. दार उघडलं घरी बसायला आलेल्या शेजारणीने, अक्का आत निघून गेली. भाऊ ओसरीवर बसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून बोलू लागले, "अक्का, ती साडी सुनंदानी मुद्दाम नही दिधी, कपाटमा गर्दी व्हती, आनि तिन्ही तब्बेत..." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. भाऊ चहा न घेता परतले. आठवड्याने पुन्हा गेले, पुन्हा साडी, कपाट, तब्बेत. या वेळी दोन भांडी आपटली.

मॅडमना त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते चार नंबरच्या बेरिंगला तेल घालत होते. मॅडमनी पडद्यावरच्या लाल पट्टीकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही जाऊन दर वेळी कुठून सुरुवात करता?"

"साडीपासून."

"म्हणजे तुम्ही तिला मागचं मोजायलाच लावता की. अकरा वर्षं तुम्ही वाऱ्यापुढे पुठ्ठा धरून उभे आहात, आणि वर समजावून सांगताय की पुठ्ठा कसा चुकून आला."

भाऊंना हे पटलं नाही. स्वतःच्या विषयात स्वतःलाच नापास कोण करून घेईल? ते तेल घालत राहिले.

मग आली तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल म्हणून जळगावच्या एका कॉलेजातून कोण येणार याची चिठ्ठी आदल्या दिवशी आली. भाऊंनी ती वाचली आणि टेस्टर खिशात ठेवायच्या ऐवजी चहाच्या कपात ठेवला. प्राध्यापक ज्ञानेश्वर साळुंखे. अक्काचा मुलगा, भाऊंचा सख्खा भाचा.

ज्ञानेश्वर आला, मामाकडे पाहून मान हलवली, मामानेही हलवली. नात्याचं बोलणं तेवढंच झालं. भाऊंनी रात्रीच ठरवलं होतं की सकाळी लवकर येऊन चार नंबरवरची पट्टी काढायची. पण सकाळी लाइट गेली, जनरेटरच्या भानगडीत ते राहूनच गेलं. आणि आता पियुष नावाचा एक चुणचुणीत मुलगा परीक्षकासमोर उभा होता.

"वाइंडअप म्हणजे काय?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"सर, आमच्याकडे सगळ्यात जास्त भिकुबाईला आहे."

"कुणाला?"

"चार नंबरला, सर. भिकुबाई म्हणजे आमच्या भाऊंची बहीण. मेहरूणला राहते. तिला तिचीच साडी परत आली." आणि पियुषने सगळं सांगितलं. साडी, घडी, हिरव्या टिकल्या, 'घरमा कोनी नही'. अभ्यास उत्तम झालेला होता, एक शब्द सुटला नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसतं ऊन होतं.

ज्ञानेश्वरने पियुषला पंचवीसपैकी चोवीस दिले. निघताना तो भाऊंजवळ थांबला. "मामा, आईला हे सांगावं लागेल. तिने विचारलं की मला खोटं बोलता येत नाही."

"तिले काय सपन पडनार शे इचाराले?"

"मी धुळ्याला जाऊन आलो म्हटल्यावर ती विचारणारच, मामा दिसला का म्हणून. दर वेळी विचारते."

भाऊंनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, हळद गेली. लेकीला काय तोंड दाखवायचं? त्या दिवशी ते कधी नव्हे ते पाऊण तास आधी घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला जळगावहून आलेली एसटी फाट्यावर थांबली आणि तिच्यातून भिकुबाई उतरली. अडुसष्ट वर्षांची, काटकुळी, हातात कापडी पिशवी. फाटकावरच्या वॉचमनने कुठे निघालात विचारलं, तर म्हणाली, "माले यंत्र दखानं शे." वॉचमनला वाटलं, कुणा मोठ्या माणसाची आई असेल. त्याने स्वतः तिला प्रयोगशाळेपर्यंत आणून सोडलं.

आत मॅडम होत्या, पियुष आणि आणखी चार-पाच पोरं जर्नल पूर्ण करत होती, आणि भाऊ स्टुलावर. अक्काला दारात पाहून ते उभे राहिले.

"पंडित," अक्का म्हणाली, "कोठे शे मी?"

भाऊंनी चार नंबरकडे बोट केलं.

अक्का जवळ गेली. चष्मा वर करून तिने पट्टीवरचं नाव वाचलं, एक-एक अक्षर. पोरांनी जर्नलं मिटली. पियुषला आता कळलं होतं की ही कोण, आणि तो टेबलाखाली जायला जागा शोधत होता. अक्काने स्टूल ओढलं, बसली आणि म्हणाली, "चालू कर."

मॅडमनी स्वतः कूलर लावला. चक्की सहाशेवर गुणगुणत राहिली. मग मॅडमच्या खुणेवर पियुषने पुठ्ठा धरला. चक्की थांबली. पडद्यावरची लाल पट्टी चढू लागली.

"हाऊ काय चढी राह्यना?" अक्काने विचारलं.

"साचेल राग," भाऊ म्हणाले.

"कोना?"

"चक्कीना."

"सरळ सांग."

"तुन्हा, अक्का."

पट्टी वर जाऊन टेकली. मॅडमनी पाच मिनिटं जाऊ दिली. मग पुठ्ठा काढला. वारा आला आणि चार नंबर किंचाळत सुटली, टेबल थरथरलं, जाळी वाजू लागली. पोरं दोन पावलं मागे सरली. अक्का जागची हलली नाही. चक्की थकून सहाशेवर येईपर्यंत ती एकटक पाहत होती.

"पाच मिंटं वारा बंद व्हता त इतलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मन्हा त अकरा वरीसपाईन बंद शे."

भाऊ पुढे सरकले. "अक्का, ती साडी सुनंदानी..." त्यांनी सुरू केलं आणि त्यांची नजर मॅडमकडे गेली. मॅडमनी काही केलं नाही, फक्त पियुषच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. भाऊंनी तोंड मिटलं. अकरा वर्षं तयार असलेलं वाक्य गिळायला त्यांना फार जड गेलं. कपाट, गर्दी, तब्बेत, सगळं घशातच राहिलं.

मग अक्का पियुषकडे वळली. "तुले कोनी सांगं रे मन्हं बठ्ठं?"

"भाऊंनी, आजी." पियुषचा आवाज बसला होता. "सगळ्यांना सांगतात. आमच्या आधीच्या मुलांना पण माहीत आहे. दरवर्षी सांगतात."

"काय सांगस?"

"तुम्ही टिकल्यांचं पाकीट गंमत म्हणून ठेवलं होतं, ते हिरवं होतं, ते सांगतात. आणि लहानपणी भाऊ विहिरीत पडले तेव्हा तुम्ही उडी मारली होती, ते पण."

"ते बी सांगस?"

"तो डी चा प्रश्न आला की सांगतात. तुम्ही आधीच ओरडला होतात ना, पडशी रे तू."

 कूलर खडखडत होता, तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्काने नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी जुनी होती, पण स्वच्छ होती. बाकीच्या पाच चक्क्यांवर धूळ बसली होती, हिच्यावर नव्हती.

"माले वाटे," ती म्हणाली, "तुन्हा घरमा मन्हं नाव बी कोनी लेत नही व्हई."

भाऊ रडले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात टेस्टर, विद्यार्थ्यांसमोर, बाहीने डोळे पुसत रडला. अक्काने त्यांना रडू दिलं. तिचेही डोळे भरले होते, पण तिने ते पदराने पुसले आणि लगेच आवाज चढवला.

"आनि हाई कोनी लिखं?"

"मी."

"भिकुबाई? मी तुन्हापेक्षा अकरा वरीस मोठी, आनि तू नुसतं भिकुबाई लिखस? पोरेससमोर? अक्का लिखाले शाई सरी गई व्हती का तुन्ही?"

पियुषने मार्कर पुढे केला. भाऊंनी पट्टीच्या उरलेल्या जागेत 'अक्का' लिहिलं. जागा कमी होती, दुसरा क जाळीच्या तारेवर गेला. अक्काने चष्म्यातून तपासलं आणि मान हलवली.

"आते याले उपाय काय शे ते सांग."

मॅडमनी पडद्यावरचा एक छोटा चौकोन दाखवला. त्यावर खूण केली की, हातात करण्यासारखं काही उरलं नसेल तेव्हा चक्की मोजणं थांबवते. मग वारा परत आला, की त्याच्याशी आजच्या आजपुरतं वागते. मॅडमनी खूण केली, पुठ्ठा धरला, काढला. चार नंबर उठली, थोडी पुढे गेली आणि सहाशेवर येऊन स्थिरावली. काही किंचाळणं नाही, काही नाही.

"इतलंसं?" अक्का म्हणाली.

हळदीच्या दिवशी ती सकाळीच देवपुरात हजर झाली. दिपमालाला पहिली हळद तिने लावली. मग कापडी पिशवीतून मोरपंखी साडी काढून सुनंदाबाईच्या हातात दिली. साडी आता तिसऱ्यांदा फिरली होती. "मोड घडी," अक्का म्हणाली. सुनंदाबाई आत जाऊन नेसून आली. इतक्या वर्षांच्या घडीच्या रेघा काही केल्या जात नव्हत्या.

पाकीटही तिने जपून ठेवलं होतं. त्यातली एक हिरवी टिकली काढून तिने भावजयीच्या कपाळाला लावली, तर ती खाली पडली. गोंद केव्हाच सुकला होता. अक्काने टिकली उचलली, मागून ओल्या हळदीचं बोट लावलं आणि अंगठ्याने दाबून धरली. "आते हालू नको," ती म्हणाली.

पाहुणे येत होते, जेवणाच्या पंगती उठत होत्या, कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं. सुनंदाबाई मान ताठ धरून सगळीकडे फिरत होती, आणि संध्याकाळपर्यंत तिने ती एकदाही खाली वाकवली नाही.